रेल्वेच्या वेळापत्रकात अडकलेली लहर

इंग्रजांच्या काळात आगगाडीची वेळ बघायची तर ‘ब्रॅडशॉ’ उघडायचं. जाडजूड पुस्तक, बारीक अक्षर, पानभर आकड्यांच्या रांगा. असंच एक ब्रॅडशॉ विज्ञानाच्या इतिहासात जाऊन बसलं आहे. त्याच्या पानापानांत कथलाचा पातळ पत्रा घातलेला आहे, मिठाईवाला बर्फीच्या थरांत कागद घालतो तसा. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या एका प्राध्यापकानं 1890च्या दशकात ते पुस्तक रेडिओलहरींच्या वाटेत धरलं. एका बाजूनं धरलं की लहर पानांमधून आरपार जाई, पुस्तक काटकोनात फिरवलं की तिथेच अडे.

प्राध्यापकाचं नाव जगदीशचंद्र बोस. बंगाली माणूस त्यांना ‘बसू’ म्हणेल, पण आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्यांचं बोस केलं ते केलं, तेच इथे ठेवतो. आपल्याकडे ते दोन प्रकारे माहीत असतात. एक, ‘वनस्पतींना संवेदना असतात हे कोणी दाखवले?’ या एका मार्काच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून. दुसरं, वर्षातून दोनदा तरी फिरत येणाऱ्या त्या मेसेजमधून: रेडिओ बोसांनी शोधला, मार्कोनीनं ढापला, नोबेल गोऱ्यांनी वाटून घेतलं. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांवर माझा राग नाही, त्यामागची चीड खरी आहे. पण त्या भांडणात बोसांनी टेबलावर नेमकं काय मांडलं होतं, हे बघायचंच राहून जातं. ते जास्त मजेदार आहे, आणि त्यातलं बरंचसं आज आपल्या गच्चीवर बसवलेलं आहे.

ही उपकरणं बघायची तर कोलकात्याला जायला हवं. सियालदा स्टेशनवरून आचार्य प्रफुल्लचंद्र रोडनं उत्तरेला राजाबाजारकडे निघालं की बोस इन्स्टिट्यूटची जुनी वास्तू लागते. बंगालीत तिचं नाव ‘बसू विज्ञान मंदिर’. बोसांनी ती 30 नोव्हेंबर 1917 रोजी, स्वतःच्या एकोणसाठाव्या वाढदिवशी सुरू केली. उद्घाटनाचं गीत रवींद्रनाथ ठाकुरांचं होतं. संस्थेचं चिन्ह आहे वज्र, दधीची ऋषींनी आपली हाडं देऊन घडवलेलं. त्यांच्या आयुष्यावरचं संग्रहालय इथेच आहे. झाडांची वाढ टिपणारी यंत्रं आहेत, पण मला बोलायचं आहे ते त्याआधीच्या, 1894 ते 1901 या काळातल्या सामानाबद्दल. पितळेच्या नळ्या, छोटी नरसाळी, गंधकाचे गोळे, स्प्रिंगा, तागाचे पीळ. पाटी वाचली नाही तर एखाद्या तांबटाच्या दुकानातलं उरलंसुरलं वाटेल.

आधी लहरीची लांबी म्हणजे काय ते समजून घेऊ, बाकी सगळं त्यावर उभं आहे.

आकाशवाणीचं पुणे केंद्र मध्यम लहरींवर 792 किलोहर्ट्झला लागतं. म्हणजे त्या मनोऱ्यातून निघणारी विजेची लहर सेकंदाला 7 लाख 92 हजार वेळा वरखाली होते. लहर धावते प्रकाशाच्या वेगानं, सेकंदाला 3 लाख किलोमीटर. तेवढ्या अंतरात 7 लाख 92 हजार हेलकावे बसवायचे तर एकेकाच्या वाट्याला सुमारे 379 मीटर येतात. सोळा डब्यांची एक्स्प्रेस उभी करा, साधारण तेवढी एक लहर. एफएमला 101 मेगाहर्ट्झ लावलंत की लहर 3 मीटरवर येते, खोलीच्या उंचीएवढी. घरातल्या 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायची लहर साडेबारा सेंटिमीटर, वितीपेक्षा आखूड. आणखी आखूड करत गेलं, अगदी मिलिमीटरच्या दोन हजाराव्या हिश्श्याइतकी केली, की ती आपल्या डोळ्याला दिसू लागते. तिला आपण प्रकाश म्हणतो. सगळी एकाच कुळातली भावंडं, फरक फक्त लांबीचा.

ही भावकी 1860च्या दशकात जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं कागदावर मांडली. 1887-88 मध्ये जर्मनीत हाइनरिश हर्ट्झनं ठिणग्या पाडून अशा लहरी प्रत्यक्ष तयार केल्या. प्रकाश आरशावरून उलटतो, काचेच्या त्रिकोणी लोलकातून वळतो. याही लहरी तसंच करतात का, हे हर्ट्झला तपासायचं होतं. अडचण आकाराची. त्याची त्या प्रयोगातली लहर 66 सेंटिमीटरच्या आसपास होती, आणि आरसा किंवा लोलक हा लहरीपेक्षा बराच मोठा असावा लागतो. समुद्राची लाट बंदराच्या धक्क्यावर आपटून परत फिरते, पण पाण्यात रोवलेल्या बांबूची ती दखलही घेत नाही, तसंच हे. म्हणून हर्ट्झनं डांबराच्या जातीच्या घट्ट पदार्थाचा दीड मीटर उंच लोलक ओतून घेतला. वजन सहाशे किलोच्या घरात! एवढा दगड हलवत बारीक मोजमापं कशी घ्यायची?

हर्ट्झ 1 जानेवारी 1894 रोजी वारला, सदतिसावं वर्ष पुरं व्हायच्या आत. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी त्याच्या कामावर व्याख्यान दिलं. या साऱ्याचा बोसांवर असा परिणाम झाला की कोलकात्यात, कॉलेजातली एक लहानशी खोली आणि एक स्थानिक पत्र्याचं काम करणारा कारागीर एवढ्या भांडवलावर, ते कामाला लागले. त्यांनी उलट वाट धरली. लोलक मोठा करत बसण्यापेक्षा लहरच लहान करायची. ती त्यांनी अडीच सेंटिमीटरपासून खाली पाच मिलिमीटरपर्यंत आणली. पाच मिलिमीटर म्हणजे 60 गिगाहर्ट्झ. आता लोलक तळहातावर मावतो, भिंग मुठीत मावतं, आणि अख्खी प्रयोगशाळा एका पेटीत. 1896 साली ही पेटी घेऊन ते बोटीनं इंग्लंडला गेले आणि 29 जानेवारी 1897 रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये शुक्रवारच्या संध्याकाळच्या व्याख्यानात त्यांनी ती उघडली.

पेटीत काय होतं? एका टोकाला लहर पाठवणारं यंत्र. धातूच्या दोन छोट्या गोलार्धांच्या मधोमध एक गोळी, ठिणगीच्या जागी प्लॅटिनमचा लेप. कॉइलमधून विजेचा झटका आला की फटींत ठिणगी पडते, आणि घंटेवर टोला पडल्यावर घंटा घुमते तशी त्या गोळीवरची वीज पुढेमागे घुमू लागते. लहान घंटेचा आवाज बारीक, मोठीचा जाड. गोळी जेवढी लहान तेवढी लहरही लहान, सारं गुपित एवढंच. प्लॅटिनम अशासाठी की दुसरा धातू ठिणग्यांनी लवकर खरवडला जातो आणि घंटा बिघडते.

यंत्र धातूच्या बंद डब्यात, म्हणजे लहर चहूकडे सांडणार नाही. बाहेर पडायला एकच चौकोनी नळी. दुसऱ्या टोकाला लहर झेलायला नरसाळ्याच्या तोंडाची नळी. लहरी वाहून नेणारी पोकळ नळी आणि त्यांना गोळा करणारं नरसाळं, या दोन्ही गोष्टी पुढे जवळजवळ विस्मरणात गेल्या आणि 1930च्या दशकात अमेरिकेत नव्यानं शोधल्या गेल्या. आज गच्चीवर जाऊन डिश टीव्हीची छत्री बघा. छत्रीसमोर दांडीवर एक डबी असते, बसवणारा तिला ‘एलएनबी’ म्हणतो. तिच्या प्लॅस्टिकच्या टोपणामागे बारकं नरसाळं आहे आणि त्याच्यामागे पोकळ नळी. उपग्रहावरून या छत्रीत येणारी लहर साधारण अडीच सेंटिमीटर, म्हणजे बोसांच्या पट्ट्याच्या बरोबर वरच्या कडेची.

पावसाळ्यात ऐन मॅचच्या वेळी डिश जाते, त्याचाही हिशेब इथेच लागतो. या आखूड लहरींचं पारदर्शकपण आपल्या डोळ्याच्या सवयीपेक्षा वेगळं आहे. गंधक, डांबर, वीट यांतून प्रकाश जात नाही, पण या लहरी बऱ्यापैकी निघून जातात. म्हणून तर बोस गंधकाची भिंगं वापरत. उलट पाणी डोळ्याला आरपार दिसतं, पण या लहरी ते पिऊन टाकतं. धो-धो पाऊस म्हणजे छत्री आणि उपग्रह यांच्यामध्ये लोंबणारा पाण्याचा पडदा.

झेलणाऱ्या नळीत बोसांनी पोलादाच्या बारीक स्प्रिंगा एकमेकींना टेकवून मांडल्या होत्या. बॅटरीची वीज एका स्प्रिंगेतून दुसरीत जाते ती फक्त टेकलेल्या ठिकाणांतून, आणि तिथे वाट अरुंद असते. रेडिओलहर येऊन आदळली की या टेकण्याच्या जागांचा विरोध एकदम घटतो, वीज जास्त वाहते, वीज मोजणाऱ्या गॅल्व्हॅनोमीटरचा काटा हलतो. त्याआधी फ्रान्सच्या एदुआर ब्रँलींनी हेच काम धातूचा कीस भरलेल्या काचनळीनं केलं होतं. पण कीस म्हणजे कीस, आज एक वागणार आणि उद्या दुसरंच. शिवाय लहर येऊन गेली की कण चिकटलेलेच राहत, त्यांना टिचकी मारून सोडवावं लागे. स्प्रिंगांमध्ये किती जागी स्पर्श होतोय आणि किती दाब आहे हे स्क्रू पिळून ठरवता येतं. एक वैताग मात्र उरलाच असणार: कोलकात्याची हवा. त्या दमटपणात कपाटातली सुरी गंजते, तिथे केसासारख्या पोलादी तारेची काय कथा.

आता त्या वेळापत्रकाकडे परत येऊ.

दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि दुसरं हातात धरून झटका द्या. हात वरखाली हलवलात तर दोरीत उभी लाट जाते, डावीउजवीकडे हलवलात तर आडवी. आता ही दोरी गजांच्या मधल्या फटीतून पलीकडे नेली आहे असं समजा. उभ्या गजांमधून उभी लाट निघून जाते, आडवी लाट गजांवर आपटून मरते. लहरीच्या हेलकाव्याला अशी एक दिशा असणं, यालाच ध्रुवण म्हणतात. रेडिओलहरीत हलते ती दोरी नव्हे, तर विजेचं क्षेत्र. आणि धातूच्या बाबतीत गजांचा नियम उलटा लागतो. विजेचा हेलकावा पत्र्याला समांतर असला तर पत्र्यातच वीज धावते आणि लहर परत फेकली जाते. हेलकावा पत्र्याला आडवा असला तर लहर दोन पत्र्यांच्या फटीतून सुटते. पत्रे मात्र एकमेकांच्या खूप जवळ हवेत, लहरीच्या निम्म्या लांबीच्याही आत.

एवढ्या जवळ, समांतर, एकमेकांना न चिकटणारे शेकडो पत्रे रचायचे कसे? ब्रॅडशॉ उघडायचं आणि पानाआड पत्रा घालायचा. कागद वीज वाहू देत नाही, अंतर सगळीकडे सारखं, बांधणी आयती. कारखान्यात असलं काही बनवून घ्यायला पैसा आणि महिने लागले असते. आणि गंमत पुढेच आहे. नुसतं साधं पुस्तक, धातूशिवाय, समोर धरलं तरी थोडं ध्रुवण होतं हेही बोसांनी दाखवलं. कागद, हवेची फट, कागद, हवेची फट, या थरांमुळे लहरीला एक दिशा दुसरीपेक्षा सोपी पडते.

डिश बसवायला आलेला माणूस एलएनबी जरा इकडे, जरा तिकडे पिळतो आणि खालून कोणीतरी ‘आलं, आलं!’ ओरडतं, तेव्हा तो हेच करत असतो. एकाच उपग्रहावरून काही चॅनेल उभ्या हेलकाव्यात येतात, काही आडव्या. दोन्ही एकाच जागेत मावावेत आणि एकमेकांत घुसू नयेत म्हणून. डबी तिरकी बसली तर दोन्हींची सरमिसळ होते.

ध्रुवणाचाच पुढचा प्रयोग मला साऱ्या संग्रहात सगळ्यात आवडतो. साखरेच्या पाण्यातून ध्रुवित प्रकाश सोडला तर हेलकाव्याची दिशा हळूहळू एका बाजूला वळत जाते. तेव्हाचे शास्त्रज्ञ म्हणत, साखरेच्या रेणूच्या रचनेतच पीळ असला पाहिजे. रेणू काही डोळ्यांनी दिसत नाही. मग बोसांनी विचार केला, आपली लहर प्रकाशापेक्षा हजारो पटींनी मोठी आहे, तर ‘रेणू’ही मोठा करू. त्यांनी ताग घेतला. बंगालात त्या काळी तागाला तोटा नव्हता, गिरण्या हुगळीच्या काठानं रांगेनं उभ्या. तागाचे धागे एकाच बाजूला पिळून त्याच्या जुड्या केल्या आणि त्यांतून लहर सोडली. दिशा वळली. उलट्या पिळाच्या जुड्या ठेवल्या, दिशा उलटी वळली. हे त्यांनी 1898 मध्ये प्रसिद्ध केलं. आज प्रयोगशाळांत मुद्दाम घडवलेल्या पिळाच्या रचना वापरून लहरींना वळवणारे कृत्रिम पदार्थ तयार करतात, आणि त्यांचा इतिहास लिहिणारे सुरुवात या तागापासून करतात. काय वस्तू शोधली बघा माणसानं: जिच्यापासून गोणपाट बनतं ती.

दोन लोलकांचा प्रयोग समजायला सगळ्यात अवघड. तो मी गेल्या मे महिन्यात स्वयंपाकघराच्या ओट्यावर सातवीतल्या भाच्याला दाखवला. तुम्हीही करून बघा. काचेचा पेला काठोकाठ पाण्यानं भरायचा, बाहेरून बोटांनी हलकेच धरायचा आणि वरून, पाण्यातून, पेल्याच्या आतल्या बाजूकडे तिरकं बघायचं.

‘मामा, बोटं दिसतच नाहीयेत. नुसतं चांदीसारखं चमकतंय.’

‘आता दाबून धर. बोटं जरा ओली कर हवं तर.’

‘अरे! रेषा दिसतायत! नुसत्या ठशाच्या रेषाच. बाकीचं बोट कुठे गेलं?’

बाकीचं बोट तिथेच असतं. पण पाण्यातून तिरका येणारा प्रकाश काच आणि बाहेरची हवा यांच्या सीमेवर आला की बाहेर न पडता पूर्णपणे आत उलटतो, म्हणून बाजू चांदीसारखी दिसते. मात्र उलटण्याआधी तो उंबरठ्याबाहेर किंचित पाऊल टाकतो. किती? साधारण एका लहरीच्या लांबीएवढं. तेवढ्या टप्प्यात कातडी आली तर प्रकाश तिला गाठतो आणि ती दिसते. ठशाच्या उंच रेषा काचेला चिकटतात, त्या दिसतात. मधल्या खाचा लांब राहतात, त्या दिसत नाहीत. रेशन दुकानात अंगठा ठेवतो त्या यंत्रांतली काचेची, प्रकाशावर चालणारी जात याच तत्त्वावर ठसा घेते.

प्रकाशाचं हे पाऊल मिलिमीटरच्या हजाराव्या भागातलं, ते मोजणं म्हणजे डोकेदुखी. बोसांची लहर मिलिमीटर-सेंटिमीटरांत, त्यामुळे पाऊलही मिलिमीटरांत. त्यांनी दोन काटकोनी लोलक तिरक्या बाजू समोरासमोर येतील असे ठेवले आणि मधली हवेची फट हळूहळू वाढवली. चिकटून असताना लहर सरळ पलीकडे. फट थोडी वाढली की थोडी लहर पलीकडे, थोडी उलटी. आणखी वाढली की सगळीच उलटी. लहर लांब असली तर जास्त रुंद फटही ती ओलांडते, हेही दिसलं. पुढे अणूंच्या दुनियेतले कण ज्या भिंतीपलीकडे जायलाच नकोत तिथे सापडतात असं कळलं, तेव्हा ते समजावताना भौतिकीचे शिक्षक हाच प्रयोग पुढे करू लागले. बोसांना त्यातून एक व्यवहारी उपयोगही मिळाला: फट कमीजास्त करून लहरीची ताकद हवी तेवढी कमी करता येते, पंख्याच्या रेग्युलेटरसारखी.

आता ते मार्कोनीचं भांडण. टाळून चालणार नाही.

1895च्या सुमारास बोसांनी कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये जाहीर प्रयोग केला. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर हजर होते. लहर त्यांच्या शरीरातून आणि भिंतींतून जाऊन सुमारे 75 फुटांवर पोचली, तिथे घंटा वाजली आणि बंदुकीची दारू उडाली. मार्कोनीनं ब्रिटिश पेटंटसाठी अर्ज केला तो जून 1896 मध्ये. या तारखा शेजारीशेजारी ठेवल्या की मेसेज तयार होतो. पण मग 1894चे लॉज कुठे बसवायचे, आणि मे 1895 मध्ये रशियात विजांची चाहूल घेणारं यंत्र दाखवणारे अलेक्झांडर पोपोव्ह कुठे?

माझं मत असं की बोस आणि मार्कोनी वेगळ्या गावांना निघालेले प्रवासी होते. मार्कोनीला निरोप लांब न्यायचा होता. त्यासाठी लागते लांबलचक लहर, जी जमिनीच्या कडेकडेनं वाकत जाते आणि आकाशातल्या विद्युतभारित थरावरून उलटून क्षितिजापलीकडे उतरते. 12 डिसेंबर 1901 रोजी इंग्लंडच्या पोल्ढूहून अटलांटिकपार न्यूफाउंडलंडला, सुमारे 3,400 किलोमीटरवर त्यानं खूण ऐकली ती शेकडो मीटर लांबीच्या लहरीवर. बोसांची पाच मिलिमीटरची लहर नाकासमोर सरळ जाते, डोंगर आला की संपली, आणि 60 गिगाहर्ट्झच्या आसपास तर हवेतला ऑक्सिजनच तिला खातो. तिच्यावरून त्या काळी समुद्र ओलांडणं अशक्य होतं. बोसांना ते करायचंही नव्हतं. ही लहर म्हणजे प्रकाशाचंच दुसरं रूप आहे, हे प्रत्येक कसोटीवर घासून बघायचं, हा त्यांचा ध्यास.

तरीही मेसेजमध्ये एक कण खरा आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. अटलांटिकपारची ती खूण ऐकताना मार्कोनीनं जो ग्राहक, म्हणजे लहर झेलणारं यंत्र, वापरला, त्यात पाऱ्याचा थेंब होता आणि आवाज ऐकायला टेलिफोन. तो इटलीच्या नौदलाकडून आला होता, म्हणून त्याला इटालियन नौदलाचा ग्राहक म्हणत. लोखंड आणि पारा यांच्या स्पर्शावर चालणारा, टिचकी न मारता आपोआप पूर्ववत होणारा ग्राहक बोसांनी 1899 मध्येच रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. टेलिफोनसकट. हा धागा 1998 मध्ये प्रबीर बंद्योपाध्याय यांनी पुराव्यांनिशी उलगडला आणि मार्कोनीच्या कानाशी असलेला ग्राहक मूळ बोसांचा होता असं मांडलं. मार्कोनीला 1909चं नोबेल मिळालं, जर्मनीच्या फर्डिनांड ब्राउनबरोबर विभागून. बोसांना श्रेय मिळायला हवं होतं का? या एका तुकड्याचं, नक्कीच. मग अख्ख्या रेडिओचं का नाही? कारण ते तितकंच अन्यायाचं ठरेल, लॉज आणि पोपोव्ह यांच्यावर.

पेटंटच्या बाबतीत बोस विचित्र होते. 1901 मध्ये त्यांनी लंडनहून रवींद्रनाथांना पत्र लिहिलं: तारायंत्राच्या एका कंपनीचा बडा मालक पेटंटचा कागद हातात घेऊन आला, व्याख्यानात सगळं सांगून टाकू नका म्हणून गळ घालत होता. बोसांनी नाही म्हटलं. ज्या माणसानं गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी पगार ठरवला म्हणून तीन वर्षं पगारच घेतला नव्हता, त्याच्याकडून वेगळं काय अपेक्षित करणार? पण सारा बुल या अमेरिकन स्नेही आणि भगिनी निवेदिता मागे लागल्या, म्हणून एका यंत्रासाठी अर्ज गेला. 30 सप्टेंबर 1901 रोजी दाखल, 29 मार्च 1904 रोजी मंजूर, अमेरिकन पेटंट क्रमांक 7,55,840. निम्मी मालकी सारा बुल यांच्या नावे. बोसांनी त्याचा पैसा केला नाही.

यंत्र काय होतं? गॅलेना. शिसं आणि गंधक यांचं चकचकीत काळसर खनिज. त्याच्या स्फटिकावर टोक टेकवायचं, बस. स्प्रिंगांमध्ये धातूला धातू टेकत होता, इथे धातूपेक्षा वेगळा पदार्थ आहे. साध्या तारेत विजेचा दाब दुप्पट केला की वीज दुप्पट होते. बोसांनी मोजून दाखवलं की इथे तसा सरळ हिशेब चालत नाही. अशा पदार्थांना आज आपण अर्धवाहक म्हणतो. मोबाइलच्या चिपपर्यंत जाणाऱ्या रस्त्यावरचा हा फार जुना मैलाचा दगड आहे. गॅलेनासारख्या स्फटिकांतून वीज एका बाजूला जास्त सहज वाहते हे ब्राउननं 1874 मध्येच पाहिलं होतं, तेव्हा तो मान त्याचा. पण अर्धवाहकाच्या ग्राहकाचं पेटंट म्हणून बोसांच्या कागदाला जुन्यांतला जुना मानतात. हा ग्राहक रेडिओलहरींबरोबर उजेडालाही प्रतिसाद देई, म्हणून बोसांनी तो डोळ्यासारख्या डबीत बसवला आणि त्याचं नाव ठेवलं ‘तेजोमीटर’. तेज मोजणारा. हे नाव आपल्याला समजावून सांगावं लागत नाही, लंडनच्या सभेला लागलं असणार.

त्यानंतर बोस वनस्पतींकडे वळले आणि परत फिरले नाहीत. रॉयल सोसायटीचं सदस्यत्व त्यांना 1920 साली मिळालं, तोवर लहरींचं सामान कपाटात जाऊन दोन दशकं उलटली होती. जगालाही मधली काही दशकं आखूड लहरींची गरज नव्हती. दुसऱ्या महायुद्धात रडार आलं, मग उपग्रह आले, आता गाडीच्या बंपरमागचं 77 गिगाहर्ट्झचं रडार आहे आणि 5जीसाठी आपल्याकडे 2022 मध्ये लिलावात निघालेला 26 गिगाहर्ट्झचा पट्टाही आहे. अमेरिकेत किट पीकच्या 12 मीटरच्या दुर्बिणीसाठी 1990च्या दशकात 1.3 मिलिमीटर लहरींचा नवा ग्राहक बांधला, तेव्हा तिथल्या लोकांनी बोसांच्या 1897च्या लेखांतल्या कल्पना त्यात वापरल्या.

आपल्या जवळची एक गोष्ट. विद्युत अभियंत्यांची जागतिक संघटना ऐतिहासिक कामांना मैलाच्या दगडाचा मान देते. बोसांच्या मिलिमीटर लहरींच्या प्रयोगांना तो 2012 मध्ये मिळाला. भारतीय कामांच्या त्या छोट्या यादीत पुढे एक नाव आलं ते आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचं. तिथे आणि आसपास 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातल्या रेडिओलहरी ऐकत उभ्या आहेत. त्यांच्या लहरी वीतभरापासून मीटरभर आणि त्याहून लांब, बोसांच्या लहरींच्या पार दुसऱ्या टोकाच्या, म्हणूनच तबकड्या एवढ्या अवाढव्य आणि जाळी एवढी विरळ की पलीकडची द्राक्षबाग दिसते. लांब लहरीला जाळीची भोकं जाणवत नाहीत, तिच्या दृष्टीनं तो अखंड आरसाच. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे शाळेच्या मुलांनी भरलेल्या एसट्या येतात. मुलं तबकडीखाली उभी राहून मान मागे टाकून वर बघतात.

कोलकात्याला गेलात आणि दक्षिणेश्वर, बेलूर, व्हिक्टोरिया झाल्यावर अर्धा दिवस उरला, तर राजाबाजारला जा. खोडदहून उलट, इथे मान खाली घालून, कपाटाच्या काचेला नाक लावून बघावं लागतं. तिथलं चौकोनी नळीचं नरसाळं शोधा, बोटाच्या पेराएवढ्या तोंडाचं. मग घरी आल्यावर गच्चीवर जाऊन छत्रीसमोरची ती डबी बघा. टोपण मात्र काढू नका, पाणी गेलं की डिशवाला पुन्हा पैसे घेतो.